नहराची पाळ, फाटक अन् सायकल : तुमचे अनुभव सांगा

नहरकाठचा
भाचा मुंबईला असतो, सायकलवेडा. काल फोनवर तणतणत होता. कोस्टल रोड 2024 मध्ये सुरू झाला, समुद्राला लागून एवढा रस्ता, अन् सायकलला बंदी. सह्या गोळा करतोय म्हणे.

आम्हाला कुठला समुद्र! आमचा नहर. मी दहावीत असताना पाळीवर लोखंडी फाटक बसलं. ट्रॅक्टरनं पाळ खचते, हे कारण. ट्रॅक्टरवाले बाजूच्या वावरातून घुसायचे, अडकलो आम्ही. शाळा डांबरीनं नऊ किलोमीटर, पाळीनं चार. मग सायकली उचलून पलीकडे द्यायच्या. एकदा हॅन्डल गजात अडकलं, डबा उघडला, वांग्याची भाजी थेट नहरात. अकरा जणांनी अर्ज लिहिला. मास्तरांनी आधी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, मग सही केली. साहेब म्हणाले, ठेवून जा. पाचव्या चकरेला फाटकाशेजारी हातभर फट मिळाली.

दूधवाला_भाऊ
त्या हातभर फटीतून माह्या दोन कॅना कशा जात होत्या, हे बी लिहा न बावा 😀

रानमेवा
मले आठवीत सरकारच्या मानव विकास योजनेची, पोरींले शाळेसाठी देतात ती सायकल भेटली होती. आता गावाच्या मधातून समृद्धी महामार्ग गेला. वर सायकलले बंदी, खालच्या बोगद्यात पावसाळाभर गुडघाभर पाणी. पोरींनी जावं कुठून?

तिफन
120 च्या वेगात सायकल घालता का? बंदी बरोबरच आहे.

रानमेवा
वर कोन मांगते दादा? बोगद्यातलं पाणी काढा म्हंतो.

तिफन
हाव, ते खरं.

सराटा
पाळीवर एका फेरीत तीन पंक्चर. मुंबईच्या पोरांना म्हणा, आधी सराट्याचे काटे पाहा, मग सह्या करा.

काकू_वर्धा
कापूस वेचणीले बाया भेटून नाही राहिल्या. कोनाकडे असतील तर सांगा. सायकलचं रात्री लिहितो, भाकरी टाकाच्या आहे.

दूधवाला_भाऊ
काकू, काय भाव देता किलोले?

नहरकाठचा
काकू, आमच्या पलीकडच्या गावात विचारून सांगतो.
फट अजून आहे बरं का. परवा गेलो तर कोणीतरी बाभळीची काटी आडवी घातलेली. ओढून बाजूला केली. अंगठ्यात काटा आहे अजून.