रेल्वेप्रवासात नेण्याजोगे लाकडी बैठे खेळ कोणते?

सहलवेडी:

नमस्कार. येत्या डिसेंबरमध्ये आम्ही घरचे सात जण केरळला जाणार आहोत. माझे सासू-सासरे, आम्ही उभयता, नणंद आणि १२ व ७ वर्षांची आमची दोन मुले. लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्सप्रेसने एर्नाकुळमपर्यंतचा प्रवास, म्हणजे जवळजवळ एक दिवस-रात्र, गाडीतच काढायची असून त्यानंतर मुन्नार आणि अलप्पुळा येथे मुक्काम आहे. या काळात मुलांच्या आणि त्यांच्या वडिलांच्याही हातातून मोबाइल सुटावा, यासाठी दोन-तीन लाकडी बैठे खेळ सोबत न्यावेत असे मनात आहे.

मागच्या सहलीत आम्ही मोठ्या हौसेने शिसवी लाकडाचा, घडी होणारा बुद्धिबळाचा संच नेला होता. पहिल्याच संध्याकाळी पांढरा घोडा बर्थखाली गेला तो पुन्हा सापडलाच नाही. पुढचे दोन दिवस आम्ही घोड्याच्या जागी खोकल्याची गोळी ठेवून खेळलो आणि अखेरीस सासऱ्यांनी ती गोळी नेहमीच्या सवयीने तोंडात टाकली, तेव्हा तो डावही संपला. परतीच्या वाटेवर पटाची बिजागरीही निखळली. असे पुन्हा होऊ नये, म्हणून विचारते की गाडीच्या हिसक्यांत टिकणारे, सोंगट्या हरवल्या तरी न अडणारे आणि सात वर्षांच्या मुलापासून पंच्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत सर्वांना खेळता येतील असे लाकडी खेळ कोणते? सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, हेही कृपया लक्षात घ्यावे.

कातीव:

मी घरी हौसेने सुतारकाम करतो, म्हणून खेळाच्या नावाआधी वस्तूविषयी लिहितो. खेळ कोणता हे ठरवण्यापूर्वी तो कुठे मांडणार हे ठरवावे, कारण तुमच्या घोड्याचा बळी बुद्धिबळाने नव्हे तर जागेने घेतला आहे. तृतीय श्रेणीच्या वातानुकूलित डब्यात समोरासमोरच्या दोन बाकांमध्ये पाय ठेवण्यापुरती मोकळी जागा असते आणि खिडकीजवळची फळी इतकी लहान असते की तिच्यावर पाण्याची बाटली आणि चहाचे दोन कप ठेवले की ती भरते. सर्वांत सोयीची जागा म्हणजे बाजूचा खालचा बर्थ, कारण दिवसा त्याच्या दोन समोरासमोरच्या बैठका होतात आणि मध्ये पट ठेवून दोघांना नीट खेळता येते. तिथे किंवा मांडीवरच्या बॅगेवर बसेल असा पट साधारण वीतभर, फार तर २५ सेंटिमीटरचा असावा. याहून मोठा पट अलप्पुळ्याच्या हाउसबोटीतील जेवणाच्या टेबलापर्यंत बॅगेतच राहील.

चुंबकाच्या सोंगट्यांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दुकानात त्या पटाला घट्ट चिकटलेल्या दिसतात, पण पुष्कळ संचांतील चुंबक इतका दुबळा असतो की पट थोडा कलला की सोंगटी घसरते. विकत घेण्यापूर्वी सर्व सोंगट्या मांडून पट सरळ उलटा धरून पाहावा. दुकानदाराने भुवया उंचावल्या तरी चालेल. शिवाय तळाला नुसता डिंकाने चिकटवलेला चुंबक कालांतराने सुटतो, आणि असे दोन चुंबक लहान मुलाच्या पोटात गेले तर आतड्याला गंभीर इजा होऊ शकते. तुमची मुले मोठी आहेत, परंतु शेजारच्या बर्थवर रांगणारे मूल असणारच नाही असे कोणी सांगावे?

त्यापेक्षा मला भोकात खोचायच्या खुंट्यांचा पट अधिक भरवशाचा वाटतो. खुंटीचा निदान तिसरा हिस्सा भोकात उतरायला हवा आणि ती किंचित सैल असायला हवी. लाकूड दमट हवेत फुगते, त्यामुळे ठाण्यात अगदी चपखल बसणारी खुंटी अलप्पुळ्याच्या खाडीकाठी अडकून बसते आणि मग ती ओढताना तुटते. घडीच्या पटात बिजागरी खिळ्यांऐवजी स्क्रूंनी बसवली आहे ना, हे पाहावे. मी स्वतः घडीचा पट टाळतो आणि वर सरकते झाकण असलेली पेटी निवडतो. तिच्यात सोंगट्या आतच राहतात आणि निखळायला बिजागरी नसते. शिसव हाताला छान लागते पण जड असते. पांगाऱ्याचे लाकूड फार हलके, मात्र त्याला लवकर पोचे पडतात. साधे चांगले प्लायवूड दिसायला गरीब असले तरी वाकत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

चिंचोका:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण माझ्या मते सोंगटी हरवण्यावरचा खरा उपाय पेटीत नसून खेळाच्या निवडीत आहे. बुद्धिबळात प्रत्येक मोहऱ्याला स्वतःचे रूप आणि स्वतःची चाल असते, म्हणून एक घोडा गेला की संच लंगडा होतो. ज्या खेळात सर्व सोंगट्या सारख्याच असतात, त्यात हरवलेल्या सोंगटीची जागा कोणतेही बटण किंवा खडा घेऊ शकतो. आपल्याकडचे जुने खेळ बहुतांशी याच जातीचे आहेत.

पहिला, नवकंकरी. एकात एक असे तीन चौकोन आणि त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा, एवढाच पट. त्यावर २४ बिंदू येतात. दोन्ही खेळाडूंकडे नऊ-नऊ सोंगट्या असतात. आधी त्या एकेक करून बिंदूंवर ठेवायच्या, मग रेघेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायच्या. रेघेवर आपल्या तीन सोंगट्या ओळीत आल्या की प्रतिपक्षाची एक उचलायची, आणि ज्याच्याकडे दोनच उरतील तो हरला. सात वर्षांच्या मुलाला हे दहा मिनिटांत समजते, तर आजोबांना पुढच्या तीन चाली पाहण्याचे समाधान मिळते. नाशिकच्या पांडवलेणींत असे पट दगडात कोरलेले आढळतात, त्यामुळे वाटेत वेळ घालवण्याची माणसाची ही युक्ती बरीच जुनी असावी. लाकडाच्या लहान फळीवर हा पट कोणताही सुतार अर्ध्या तासात करून देतो.

दुसरा खेळ तुमच्या मार्गावरचाच आहे. मंगळुरूच्या परिसरात, म्हणजे ज्या तुळुनाडूतून तुमची गाडी जाणार आहे तेथे, ‘चेन्ने मणे’ नावाचा चौदा खळग्यांचा लाकडी पाट असतो. तमिळनाडूत त्याच कुळातील खेळाला पल्लांकुळी म्हणतात आणि तिथे माशाच्या आकाराचे, मध्ये घडी होणारे पाटही मिळतात. दोन ओळींत सात-सात खळगे, प्रत्येकात चार बिया, म्हणजे एकूण ५६. आपल्या बाजूच्या एका खळग्यातील सर्व बिया उचलून पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचे. हातातील बिया संपल्या की पुढच्या खळग्यातील बिया उचलून पेरणी चालू ठेवायची. पुढचा खळगा रिकामा निघाला तर त्याच्या पलीकडच्या खळग्यातील बिया आपल्या झाल्या. घरोघरी नियमांत फरक आढळतो, तेव्हा खेळण्यापूर्वी ते ठरवून घ्यावेत, नाहीतर कणकवलीच्या आधीच वाद सुरू होईल.

या खेळाचे दोन फायदे तुमच्या बाबतीत मोलाचे आहेत. खळग्यातील बी गाडीच्या हिसक्याने सहसा बाहेर पडत नाही. दुसरे असे की यात चिमटीने काही खोचावे किंवा उभे करावे लागत नाही, खळग्यातून मूठ भरून घ्यायची आणि सोडत जायचे, म्हणून सासूबाईंना तो सोपा जाईल. बिया म्हणून चिंचोके घ्यावेत. माझ्या सदस्यनामाचा यात स्वार्थ नाही! लाल-काळी गुंज सुंदर दिसते, पण ती अत्यंत विषारी असते. विशेषतः फुटलेली किंवा चावलेली बी जिवावर बेतू शकते, म्हणून मुलांच्या खेळात तिला अजिबात जागा नसावी.

सहाजण:

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु प्रश्नकर्तीच्या घरात माणसे सात आहेत, हे दोघेही विसरले. नवकंकरी दोघांची, चेन्ने मणे दोघांचा. उरलेले पाच जण कोकणातील बोगदे मोजत बसतील आणि शेवटी मोबाइल काढतील, म्हणजे मूळ हेतूच फसला.

माझ्या मते एक तरी खेळ चौघा-सहांचा हवा. चायनीज चेकर्स हे नाव फसवे आहे. हा खेळ १८९२ मध्ये जर्मनीत ‘स्टर्न-हाल्मा’ म्हणून आला. सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या पटावर १२१ भोके आणि प्रत्येकाच्या दहा खुंट्या. आपल्या टोकातून निघून समोरच्या टोकात सर्वांत आधी पोहोचायचे. कोणी कोणाला मारत नाही, त्यामुळे लहान मुले रडत नाहीत. सहा जण खेळू शकतात आणि सातव्याने आजोबांचा सल्लागार व्हावे. मात्र खुंट्यांचा पट घ्यावा, गोट्यांचा घेऊ नये, कारण रेल्वेत गोटी म्हणजे सुटलेली गोटी. रंगही पाहून घ्यावेत. लाल-हिरव्यात गोंधळणारे कोणी घरात असेल, किंवा डब्यातील मंद दिव्यात आजोबांना तपकिरी आणि मरून सारखेच दिसत असतील, तर निम्मा वेळ “ही माझी की तुझी” यातच जातो.

दुसरा पर्याय सारीपाटाचा. पट कापडाचा, सोंगट्या लाकडी कातीव. चार भुजांवर प्रत्येकी आठ घरांच्या तीन ओळी, चार रंगांच्या चार-चार सोंगट्या, आणि समोरासमोर बसलेले दोघे एका पक्षाचे. कापडाची घडी रुमालाएवढी होते आणि सोळा सोंगट्या एका पिशवीत मावतात, यापेक्षा सुटसुटीत काय असणार? अडचण एकच आहे की डाव लांबतो. रात्री मधला बर्थ उघडण्याची वेळ झाली की पट गुंडाळावा लागतो. अशा वेळी यजमानांच्या मोबाइलवर पटाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि सकाळी तसाच मांडावा. कवड्या बाकावर न टाकता उभ्या कडेच्या ताटलीत टाकाव्यात, म्हणजे त्या बर्थखाली जात नाहीत.

गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, नेण्याचाही मोह होईल, कारण सावंतवाडीची रंगीत गोल पाने फारच देखणी असतात. पण दशावतारी गंजिफेची १२० पाने रेल्वेत सांभाळण्याची कल्पना मला स्वतःला झेपत नाही.

यारा_काठ:

मी मेलबर्नला राहते, म्हणून विमानाने परदेशी जाणाऱ्या वाचकांसाठी थोडी भर घालते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना लाकडी वस्तू आणि बिया आगमनपत्रकात जाहीर कराव्या लागतात. लाकूड कीडमुक्त व स्वच्छ असेल तर ते तपासून बहुधा परत देतात, बिया मात्र काढून घेतल्या जाण्याची शक्यता मोठी. चिंचोक्यांची पिशवी भारतात ठेवून इथे काचेचे मणी घ्यावेत.

आणखी एक गोष्ट स्वानुभवाची. आमच्याकडे चन्नपट्टणच्या लाखेच्या रंगाच्या सोंगट्या होत्या. प्रवासात मी त्या सॅनिटायझरने पुसल्या आणि सगळा रंग चिकट होऊन माझ्या बोटांना लागला. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे मला नंतर कळले. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे, तेवढे पुरते. उन्हात बंद मोटारीच्या काचेजवळही अशा सोंगट्या ठेवू नयेत, कारण लाख उष्णतेने मऊ होते.

सहलवेडी:

सर्वांचे मनापासून आभार. घरात चर्चा होऊन असे ठरले आहे की गाडीसाठी कापडी सारीपाट आणि नवकंकरीची फळी, तर अलप्पुळ्याच्या मुक्कामासाठी खळग्यांचा पाट न्यायचा. चायनीज चेकर्सचा खुंट्यांचा पट दोन दुकानांत पाहिला, पण एकात भोके इतकी उथळ होती की पट उलटा धरताच खुंट्यांचा पाऊस पडला. दुकानदाराने भुवयाच काय, आवाजही उंचावला. सासऱ्यांनी नवकंकरीचा पट पाहताच आपण लहानपणी तो कोळशाने ओट्यावर आखत असू असे सांगितले आणि फळी स्वतः करून घेण्याची जबाबदारी उचलली.

दोन शंका उरल्या आहेत. एर्नाकुळमहून मुन्नारला मोटारीने घाट चढताना मुलांना खेळू द्यावे का? आणि सासूबाईंना सारीपाटाच्या कवड्या उचलणे जमत नाही, त्यासाठी काय करावे?

कातीव:

घाटात खेळ नको. वळणांवर मान खाली घालून पटाकडे पाहिले की गाडी लागते, आणि तुमच्या धाकट्याला ती आधी लागेल. पेटी सामानात ठेवून द्या.

चिंचोका:

कवड्यांऐवजी मोठे चिंचोके दगडावर घासून अर्धे करावेत. एक बाजू पांढरी, एक तपकिरी, आणि दान कवड्यांसारखेच मोजायचे. तेही उचलणे जड जात असेल, तर ते झाकणाच्या पारदर्शक डबीत बंद करून टाकावेत. सासूबाईंनी डबी हलवून खाली ठेवायची, पांढऱ्या बाजू मोजायच्या आणि डबी पुढच्याकडे द्यायची. डबी एकदा बंद केली की प्रवासभर उघडण्याचे कारणच पडत नाही, म्हणून बर्थखाली काही जाण्याचाही प्रश्न राहत नाही. पाटासाठी ५६ बिया मोजून घेऊ नका, सत्तर तरी घ्या. सासरे सोबत आहेत, तेव्हा चिंचोके भाजलेले मात्र घेऊ नका.