गणपतआबांवरचं भाषण: नुसता साधेपणा नको

नमस्कार मंडळी,
30 जुलैला गणपतराव देशमुखांचा स्मृतिदिन. त्याला लागून येणाऱ्या रविवारी अर्ध्या तासाचं भाषण ठेवतोय. विषय ठरलाय 'साधेपणाचा आदर्श'. एकाच मतदारसंघातून 11 वेळा निवडून आलेला आमदार एसटीनं फिरायचा, हे इकडं वाढणाऱ्या मुलांना कळायला हवं. पोस्टरवर लाल डब्याचं चित्र टाकतोय. काका, तुम्ही आबांच्याच मतदारसंघातले, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे, तुम्हीच बोलावं ही विनंती.
– कार्यक्रम समितीतली ताई

ताई,
बोलेन, आनंदानं बोलेन. पण विषय बदला.
आबा एसटीनं जायचे हे खरंच आहे. पण गेली काही वर्षं त्यांच्याबद्दल जे येतं ते सगळं तेवढंच येतं: एसटी, साधे कपडे, साधं घर. मला वाईट वाटतं. साधी माणसं आमच्या तालुक्यात घरोघरी होती. त्यांना काही कुणी 11 वेळा मुंबईला पाठवलं नाही.
आमचा तालुका पर्जन्यछायेतला. 1972 चा दुष्काळ मला आठवतो. आई खडी फोडायला जायची, घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. त्याच वर्षीच्या निवडणुकीत आबा पडले होते. 1974 च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत आणलं. 1962 पासूनच्या एवढ्या कारकिर्दीत मंत्रिपद दोनदाच, 1978 ला आणि 1999 ला. दुसऱ्या खेपेला पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. हमीच्या मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, ज्याच्या घरचं नाव लागलंय त्याला विचारा, ते खातं म्हणजे काय असतं.
आणि पाणी. भाषणात मला हेच सांगायचंय. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिलं होतं, पण ते मे 2000 पर्यंत अडवून वापरात आणायचं होतं. वर धरणं, ऊस, कारखाने. खाली आम्ही टँकरच्या मागं घागरी घेऊन. 1993 मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली. पाण्याच्या चळवळीतले नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर, आबा, आणि 13 दुष्काळी तालुक्यांतली माणसं. मागणी नुसती 'पाणी द्या' अशी नव्हती, समन्यायी वाटपाची होती: पाणी वावराच्या आकारावर नाही, कुटुंबाला मोजून. ज्याच्याकडं जमीन नाही त्याचाही त्यात वाटा. आबांचा पक्ष शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष; विधानसभेत त्याचे मोजकेच आमदार, संख्येनं काहीच नाही. तरी परिषद वर्षामागून वर्ष भरत राहिली आणि आबा तिथं येत राहिले.
सूतगिरणीचं राहिलंच. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी त्यांनी चालवून दाखवली. त्यावर वेगळं बोलावं लागेल.
– सांगोलेकर काका

काका,
मी रत्नागिरीकडचा, मला हे पाण्याचं काहीच माहीत नव्हतं. पण एक विचारू का, राग मानू नका. 50 वर्षांहून जास्त आमदारकी असून पाणी यायला एवढा उशीर का झाला? लोकही कंटाळले असतीलच ना? 1995 ला ते स्वतः पडले, 2019 ला त्यांचा नातू पडला.
– कोषाध्यक्ष

अहो, राग कसला. तुमचा प्रश्न रास्त आहे, गावातही हेच विचारायचे.
1995 ला आबा 192 मतांनी पडले. 192 म्हणजे आमची एक वाडी. निकाल कळल्यावर वडील अंगणात बसून एकेका घराचं नाव घेत होते: कोण ऊसतोडीला गेलं होतं, कोण मतदानाला आलंच नाही. 2019 ला अनिकेत 768 मतांनी. हे नुसतं कंटाळून झालं असं मी म्हणणार नाही, पण नाराजी होती. तरुणांना शेतात पाणी दिसायला हवं होतं.
आणि उशिराचं म्हणाल तर कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसाला विचारा. टेंभू ही उपसा सिंचन योजना: कृष्णेचं पाणी कराडजवळून पंपानं उचलायचं, टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं, वाटेतल्या तालुक्यांची तहान भागवून मग ते सांगोल्याकडं येणार. निधी तुटला की पहिलं आमचं काम थांबतं, वीजबिल थकलं की पंप बंद. आबांना हे पूर्ण झालेलं बघायला मिळायला हवं होतं. 2021 ला, 94 व्या वर्षी गेले. 2024 ला दुसरा नातू, बाबासाहेब, निवडून आला. तालुका अजून पाण्याचाच हिशेब मागतोय.
– काका

काका,
समितीशी बोलले. विषय आता 'टेलपर्यंत पाणी'. अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास घ्या, सूतगिरणीही येऊ दे. लाल डब्याचं चित्र काढून कृष्णेपासून सांगोल्यापर्यंतचा नकाशा टाकू म्हणते. तुम्ही हातानं काढून पाठवाल का? 13 तालुक्यांची नावं तेवढी सुवाच्य लिहा, मुलं वाचणार आहेत.
– ताई