शास्त्रीय गाणाऱ्या मुलीसाठी एजंट कसा शोधावा? (सोलापूर)

टॉवेलवाला_सोलापूर

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. सहाव्या वर्षापासून इथेच सोलापुरात एका बाईंकडे ख्याल शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण झाली, आता मध्यमा प्रथमची तयारी चालू आहे. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गाते. भूप, दुर्गा, भीमपलास हे राग नीट मांडते. विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा संथ ताल, आत्ता कुठे सुरू झालाय.

नवरात्रात आमच्या भागातल्या देवळात तिनं दुर्गा गायला. कुणीतरी मोबाईलवर घेतला आणि तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. तेव्हापासून फोन यायलेत. एक मंडळ म्हणतं अभंग म्हणा, दुसरं म्हणतं दोन नाट्यपदं आणि बाकी सिनेमातली गाणी म्हणा. एका लग्नात तर पाहुणे जेवत असताना कोपऱ्यात बसवू म्हणाले. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मानधन किती सांगायचं, पेटी-तबला कुणी आणायचा, समोरचा दुखावणार नाही असं नाही कसं म्हणायचं, काही कळत नाही. घरात गाणारं कुणी नाही. तिची आई तेलुगू घरातली, तिच्याकडे भजनांची सवय आहे, तेवढंच.

मागच्या आठवड्यात एक फोन आला. टॅलेंट मॅनेजमेंट करतो म्हणाले. नोंदणी आणि फोटो-व्हिडिओचे पस्तीस हजार, पाच वर्षांचा करार, प्रत्येक कार्यक्रमातले तीस टक्के त्यांचे. करार व्हॉट्सॲपवर पाठवलाय, सगळा इंग्रजीत. बायको म्हणते देऊन टाकू, पोरीचं भलं होईल. मला झोप लागत नाही. चांगला एजंट ओळखायचा कसा? आणि सोलापुरात बसून तो मिळेल का?

पुण्याचा_श्रोता

आधी पैसे मागतो त्याला एजंट म्हणू नका. एजंट काम आणतो आणि मिळालेल्या मानधनातून आपला वाटा घेतो. तुमच्याकडूनच पस्तीस हजार निघाले की त्याची कमाई झाली, मग त्यानं काम कशाला शोधायचं? बाकी जाणकार सांगतीलच.

ठेका_तीनताल

भाऊ, मी तबला वाजवतो, सोलापूरचाच. हुतात्मा स्मृती मंदिरापासून खेड्यातल्या सप्ताहापर्यंत सगळीकडे बसलोय, लहान मुलांच्या साथीलाही पुष्कळदा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या क्षेत्रात नाव झालेल्या गवयांच्या तारखा बघायला कुणी असतं. अकरा वर्षांच्या मुलीला एजंट लागत नाही, आणि खरा एजंट एवढ्या लहान मुलीला घेणारही नाही. मग मुलं मंचावर येतात कशी? गुरूच्या मागे तानपुऱ्याला बसतात. आयोजक बघतो, पेटीवाल्याला हळूच विचारतो, ही कोण? पुढच्या वेळी मोठ्या कलाकाराच्या आधी वीस मिनिटं मिळतात. ती नीट गेली की आम्ही साथीदारच पुढच्या गावी तिचं नाव घेतो. सोलापूर, पंढरपूर, सांगली-मिरज, पलीकडे विजयपूर आणि धारवाड, या सगळ्या पट्ट्यात गाणं असंच तोंडोतोंडी पोचतं. म्हणून पहिली गोष्ट ही की बाईंना विचारल्याशिवाय एकही सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, घेऊ नका.

आता फोनचं. मला ज्याची सगळ्यात काळजी वाटते ते आधी सांगतो. सिनेमातली गाणी म्हणा म्हणणारे बहुतेक वेळा ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, लावतात. ट्रॅकची पट्टी ठरलेली असते. तुमची मुलगी काळी चारची, आणि ट्रॅक दोन सूर वर असेल तर ती ओढून गाणारच, कारण समोर लोक टाळ्या वाजवत असतात. मुलं कधी थांबत नाहीत, थांबवणारा मोठा माणूस लागतो. त्यात मांडवातले स्पीकर, समोर ढोल, आणि तिचा नंबर येईतो रात्रीचे नऊ. एका गणेशोत्सवात अशा पाच-सहा ठिकाणी गायलेलं पोरगं नंतर खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावू शकत नव्हतं, मी शेजारी बसून ऐकलंय. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचा आवाजही बदलेल. मुलींचा बदल मुलांइतका ठळक नसतो, पण असतो. त्या काळात पट्टी खाली घ्यावी लागली तर घेऊ द्या, आणि कार्यक्रम कमी करा.

फोन आला की एवढंच विचारा: किती मिनिटं, किती वाजता, साथीदार कोण आणि त्यांचं मानधन कोण देणार, ध्वनिव्यवस्था तपासायला वेळ मिळेल का, व्हिडिओ टाकणार का. साथीदारांचं मानधन तिच्या मानधनापासून वेगळं बोलायचं, नाहीतर सगळं आमच्यावरच संपतं आणि तुम्ही पेट्रोलचे पैसे घालून घरी येता. तिला आत्ता अर्धा-पाऊण तास पुरे. जेवणावळीत गाणं नको. नाही म्हणताना सरळ म्हणा, "बाईंनी अजून परवानगी दिली नाही." या एका वाक्यावर कुणी रागावत नाही.

त्या पस्तीस हजारांत खरं तर पुष्कळ होईल. चांगला तानपुरा घ्यायचा तर मिरजेला जा, तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. दहा-बारा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग करा, पंखा बंद करून, सकाळी, एका दमात, वर घुमारा वगैरे न चढवता. आलाप, मध्यलयीतली बंदिश, थोड्या ताना. जाणकार आयोजक पहिली दोन मिनिटं ऐकतो आणि षड्ज, म्हणजे सा, लागतोय का तेवढंच बघतो.

आणि दिल्लीच्या सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती बघा. १९८२ पासून चालू आहे, दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे तुमच्या मुलीचं वय आत्ता त्यात बसतंय. ती टिकवली तर विसाव्या वर्षापर्यंत किंवा पहिल्या पदवीपर्यंत चालते. तिथे निवड झाली हे कुठल्याही फोटो-व्हिडिओपेक्षा जास्त बोलतं.

कुमार गंधर्व लहानपणी केवढे गाजले होते, तरी १९३६ च्या सुमारास मुंबईत गायनगुरू देवधर मास्तरांकडे शिकायलाच बसले. तेवढी टाळी मिळालेल्या मुलाला शिकायला बसवणारी मोठी माणसं होती, हे मला फार मोठं वाटतं.

वकीलताई

टॉवेलवाला दादा, तो करार सही न करता एखाद्या ओळखीच्या वकिलाकडून मराठीत समजून घ्या. मुख्य बाबी सांगते.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार आपल्याकडे रद्दबातल असतो, इंग्रजांच्या काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्येच हे ठरवलंय. म्हणूनच असे लोक पालकांची सही घेतात, आणि त्या सहीनं तुम्ही अडकू शकता. "फक्त आमच्यामार्फतच गाणार" हे कलम आहे का? मग शाळेच्या स्नेहसंमेलनातही परवानगी मागावी लागेल. रेकॉर्डिंगचे हक्क कुणाचे? करार आपोआप वाढतो का? तोडायचा तर किती पैसे, आणि वाद कुठल्या शहरातल्या कोर्टात?

शिवाय बालकलाकारांसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. चित्रीकरण किंवा व्यावसायिक कार्यक्रमात मूल घेणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. त्या माणसाला फोनवर एवढंच विचारा की ही परवानगी कोण काढणार. उत्तरावरून कळेल.

तिच्या कलेची कमाई प्राप्तिकरासाठी तुमच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ती तिचीच धरतात. तेव्हा तिचं खातं वेगळं काढा.

बार्शीची_आई

तबलजी दादांचं बरंच पटलं, पण सगळं गुरूंवर सोडा हे मला पटत नाही. माझ्या लेकीचे गुरुजी विद्वान, पण बाहेर कुणाशी बोलणं नाही. कार्यक्रमाचा विषय काढला की "अजून वेळ आहे." पंधरावं लागलं तरी तेच. शेवटी मीच आयोजकांना पत्रं लिहिली. चार ओळी: नाव, वय, गुरू, राग, रेकॉर्डिंगची लिंक. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, ज्यांनी दिलं ते आजही बोलावतात. एक वही ठेवली: कुठे गायली, काय गायली, साथीला कोण, किती मिळाले. एकच राग एकाच गावात पुन्हा होऊ नये म्हणूनही ती उपयोगी पडते. हे काम आई-बापानं करायचं. कुणी तीस टक्के घेऊन ते आपल्या मायेनं करणार नाही.

ठेका_तीनताल

ताई, पत्रं तुम्ही लिहिलीत हे योग्यच केलंत. गुरूला विचारायचं म्हणजे स्वतः हातावर हात ठेवून बसायचं असं मला म्हणायचं नव्हतं. कुठला राग मंचावर न्यायला तयार आहे हे गुरू सांगेल. दार तुम्हीच वाजवायचं.

टॉवेलवाला_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या माणसाला परवानगीचं विचारलं, तो म्हणाला असलं काही लागत नाही. मी करार नको म्हणून कळवलं. बायकोला वकीलताईंचं उत्तर वाचून दाखवलं, तिलाही पटलं.

काल बाईंकडे गेलो होतो. त्यांना हे फोन येतात हे माहीतच नव्हतं. म्हणाल्या, आधी माझ्या घरी वीस-पंचवीस माणसांसमोर गाऊ दे, भीमपलास आणि एक अभंग, मग रेकॉर्डिंगचं बघू. तबल्याला कुणी ओळखीचं आहे का विचारत होत्या. ठेका दादा, तुम्ही याल का?

ठेका_तीनताल

येतो. बाईंचा पत्ता मेसेजमध्ये पाठवा. शनिवारी संध्याकाळी रिकामा आहे, पण भीमपलास दुपारचा राग, तर रविवारी दुपारी ठेवा, तिसऱ्या प्रहरी. काळी चारचा तबला आणतो. पेटीला कोण ते बाईंना ठरवू द्या. आणि आदल्या दिवशी अर्धा तास मुलीबरोबर बसायला द्या. विलंबित एकताल ती आत्ताच शिकतेय, तर ठेका किती संथ ठेवायचा ते मला तिच्याकडून कळायला हवं.