मदत हवी आहे: न्यूटनच्या पाळण्यात सगळेच छर्रे हलतात

ठोकताळा:
बेअरिंगचे पाच छर्रे टांगून न्यूटनचा पाळणा केलाय. एका टोकाचा सोडला की दुसऱ्या टोकाचा एकटाच उडायला हवा ना? इथे पहिल्याच ठोक्याला मधलेही सरकतात आणि जरा वेळाने पाचही एका तालात डोलतात. आवाजही 'टक्' नाही, 'थप्' येतो. उद्याच दाखवायचाय. लवकर सांगा.

काटकोन:
छर्रे केवढे? दोरी एक की दोन? टेकलेत की मध्ये फट आहे? काहीच न लिहिता अंदाजपंचे काय सांगायचं?

ठोकताळा:
सगळे सारखे, २ सेंमी व्यासाचे. दोन-दोन दोऱ्या. टेकलेत. पाळणा म्हटलं की असाच असतो.

उगाचच:
संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्य, ऊर्जा अक्षय्य. एक आत, एक बाहेर. दुसरं काही होऊच शकत नाही. शाळेचं पुस्तक उघडा.

त्रिज्या:
होऊ शकतं. तीन छर्रे घ्या, पहिला १ वेगाने आला. ठोक्यानंतर तो १/३ ने मागे, उरलेले दोन २/३ ने पुढे. संवेग: −१/३ + २/३ + २/३ = १. ऊर्जेसाठी वेगांचे वर्ग: १/९ + ४/९ + ४/९ = १. दोन्ही नियम पाळले गेले. समीकरणं दोन आणि अज्ञात वेग तीन, मग उत्तर एकच कसं येईल? छर्रे एकमेकांना कसे दाबतात त्यावर निकाल ठरतो.

काटकोन:
म्हणूनच केसाएवढी फट ठेवायची. मग एका वेळी दोघांचीच टक्कर होते, आणि सारख्या वस्तुमानाचे दोघे वेगांची सरळ अदलाबदल करतात. मी नेहमी ठेवतो.

त्रिज्या:
टेकलेले पोलादी छर्रेही बऱ्यापैकी चालतात, मधले किंचित हलतात एवढंच. फटीचं खूळ कशाला?

जुना_खोडकर:
टांगलेल्या गोळ्यांच्या टकरींचे प्रयोग मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच केले होते. न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात त्याचं नाव घेतलंय. पण पाळणा मात्र न्यूटनचा! असो.

ठोकताळा:
इतिहास नकोय हो, उद्या आहे.

त्रिज्या:
त्या 'थप्'वरून विचारते, दोऱ्या छर्र्याला जोडल्या कशा?

ठोकताळा:
सेलोटेपने. मधोमध गोल पट्टी गुंडाळलीय, पक्की.

त्रिज्या:
मग पोलाद पोलादाला लागतंच कुठे? असे दोन छर्रे सेकंदाला अर्धा मीटर वेगाने भिडले तर हर्ट्झच्या सूत्राने (भिडलेले गोळे किती दबतात ते सांगणारं) जेमतेम १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १२ हजारांश, दबतात आणि ७० मायक्रोसेकंदांत सुटतात. टेप त्याहून जाड, वर त्याचा डिंक. तो दाब खातो, परत देत नाही.

उगाचच:
टेपचा काय संबंध? धक्क्याने छर्रा घणघणतो, ऊर्जा त्या कंपनांत जाते.

त्रिज्या:
पोलादात ध्वनी सेकंदाला ५ किमीहून जास्त धावतो. २ सेंमी ओलांडायला ४ मायक्रोसेकंद पुरतात. म्हणजे छर्रे एकमेकांना टेकलेले असतानाच ध्वनीलहर आत दहाएकदा जाऊन येते. छर्ऱ्याच्या दृष्टीने हा धक्का नाहीच, सावकाश दाबणं आहे. कंपनांत जाणारा वाटा अगदी थोडा. लांब सळई आपटली असती तर तुमचं मानलं असतं.

क्ष_अक्ष:
काटकोन म्हणाले ना, सारख्या वस्तुमानाचे दोघे वेगांची अदलाबदल करतात? अणुभट्टीत न्यूट्रॉन मंदावायला पाणी वापरतात ते याच कारणाने. हायड्रोजनचं केंद्रक वस्तुमानाने जवळपास न्यूट्रॉनएवढंच, समोरासमोर टक्करलं तर जवळजवळ सगळी ऊर्जा घेऊन जातं. शिशाच्या जड केंद्रकावरून न्यूट्रॉन तसाच उसळून येतो.

ठोकताळा:
अणुभट्टी बांधत नाहीये मी! टेप एवढा पातळ असतो तरी? बरं, काढतो. जोडू कशाने?

काटकोन:
डोक्यावर इपॉक्सीने छोटी कडी, तिच्यातून दोरी. टकरीच्या जागा पुसून स्वच्छ करा, पाचही केंद्रं एका रेषेत आणा. आणि फट ठेवा.

त्रिज्या:
फट ऐच्छिक. आणि शेवटी पाचही एकत्र डोलणारच, तो दोष नाही. दर टकरीत थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, टकरीआधी आणि नंतरचा एकूण संवेग मात्र तोच. त्यामुळे आपसातला वेगाचा फरक हळूहळू संपतो. ते उशिरा व्हावं, एवढंच आपल्या हातात.

ठोकताळा:
कडी जरा तिरकी बसली तर चालेल?

काटकोन:
नाही.