सासूबाईंचा ऑक्सिजन ९० च्या वर जात नाही, मशीन वाढवू का?

निफाडची_सून:
सासूबाई ६८ वर्षांच्या. बिडीला कधी हात लावला नाही, पण जन्म चुलीपुढे गेला, सीओपीडी निघाला, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार. गेल्या आठवड्यात नाशिकहून दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजनचं मशीन) २ लिटरवर ठेवायला सांगितलाय. बोटाच्या मशीनवर ८९-९० दिसतं. शेजारचे म्हणतात, ५ वर करा. पहाटे त्यांना धाप लागली की काही सुचत नाही.

पंचवटीकर:
कोविडमध्ये आम्हाला ९४ च्या खाली गेलं की दवाखाना गाठा म्हणाले होते. थोडं वाढवून बघा.

सिस्टर_सिडको:
ताई, नॉबला हात लावू नका. मी छातीच्या वॉर्डात ड्यूटी केलीय. कोविडचा आकडा इथे चालत नाही. सीओपीडीच्या बहुतेक पेशंटना ८८ ते ९२ एवढंच ठेवतात. त्यांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठलेला असू शकतो. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की तो आणखी चढतो. मग मशीनवर ९८ दिसतं, पेशंट गाढ झोपतो आणि घरचे म्हणतात, चला, आराम पडला. ती झोप नसते, गुंगी असते. हाक मारून नीट उठत नसतील, असंबद्ध बोलत असतील, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडत असतील, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. ओठ निळे पडले, एक वाक्य सलग बोलवेना किंवा आकडा ८८ च्या खालीच राहिला तरी तेच. कफ वाढून हिरवा-पिवळा झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आणि निफाडच्या थंडीत बोटं गार असली तर मशीन चुकीचं दाखवतं. आधी हात चोळून गरम करा, आकडा स्थिरावू द्या.

धाप लागली की आडवं ठेवू नका. पुढ्यात टेबल, त्यावर उशी, कोपरं टेकवून पुढे झुकून बसवा. श्वास नाकाने घ्यायचा आणि चहावर फुंकर घालतो तसा ओठ आवळून हळू सोडायचा. घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. "मोठा श्वास घ्या" असं ओरडू नका, घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. समोर बसून तुम्हीच करा, त्या बघून करतील.

स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं. नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन नको. त्या खोलीत समई, उदबत्ती, शेगडी काही नको. आणि चूल आता घरातच पेटवू नका, कोणासाठीच.

निफाडची_सून:
सिस्टर, डिस्चार्जच्या कागदावरही ८८-९२ लिहिलंय, आत्ता पाहिलं. हात चोळल्यावर ९१ आलं. पण आमच्याकडे लाईट जाते, तेव्हा?

सिस्टर_सिडको:
छोटा सिलिंडर भरून ठेवा आणि रेग्युलेटर २ वर कसा लावायचा ते देणाऱ्याकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या. तुमचा इन्व्हर्टर मशीन ओढतो का तेही त्यालाच विचारा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचं पुढच्या तपासणीला नक्की काढा.