फॉल, वॉर्डरोब, लेअरिंग: या शब्दांना मराठीत काय म्हणावं?

कपड्यांविषयीच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. उन्हाळ्यातलेच कपडे पुढच्या गार दिवसांत कसे वापरता येतील, असा विषय. शीर्षक आधी 'उन्हाळी वॉर्डरोबचे फॉलमध्ये संक्रमण' असं केलं होतं. फॉल म्हणजे तिकडचा पानगळीचा ऋतू. आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, "कुठल्या साडीचा फॉल?" तिचं बरोबरच होतं. कपड्यांबद्दल बोलताना मराठी माणसाला फॉल म्हटलं की साडीच्या काठाला आतून लावायची पट्टीच आठवणार. मग मी 'शिशिर' लिहिलं, पण तेही पटेना. 'लेअरिंग'ला, म्हणजे एका कपड्यावर दुसरा घालण्याला, 'थर देणे' लिहिलं आणि भिंतीला रंग देतोय असं वाटलं. पर्याय सुचवा, आणि तो का योग्य तेही सांगा.

•

शिशिर नको, शरद लिहा. पानगळ म्हटलं की आपल्याला शिशिर आठवतो, म्हणून अनुवादात तो फार वेळा येतो. पण शिशिर म्हणजे माघ-फाल्गुन. उत्तर गोलार्धातल्या ज्या थंड देशांत 'फॉल' म्हणतात, तिथे त्या सुमाराला झाडं केव्हाच बोडकी झालेली असतात. त्यांची पानगळ सप्टेंबर ते नोव्हेंबरातली, आणि आश्विन-कार्तिकातल्या शरदाशी तिचा मेळ बसतो. शिवाय 22 किंवा 23 सप्टेंबरला दिवस-रात्र समान होतात, त्या बिंदूला मराठीत 'शरद संपात' हे नाव आहेच. तिथून त्यांचा हा ऋतू सुरू होतो. यापेक्षा भक्कम आधार कशाला हवा?

अडचण एवढीच, की शरद म्हटल्यावर वाचकाच्या मनात स्वच्छ आकाश आणि टिपूर चांदणं येतं, लाल-पिवळी पानं येत नाहीत. म्हणून पहिल्या उल्लेखाला 'पानगळीचा शरद' म्हणा, पुढे नुसतं 'शरद' चालेल. इंग्रजी 'फॉल'सुद्धा 'पानांचं गळणं' या अर्थाच्या शब्दसमूहाचं आखूड रूप आहे, म्हणजे 'पानगळ' त्याच्या मुळाशी इमानदार आहे. दक्षिण गोलार्धात हाच ऋतू मार्च ते मे असतो, तेव्हा लेखात महिन्यांची नावं असतील तर तेवढी पाहून घ्या.

•

'लेअरिंग'बद्दल. तुमचा कान बरोबर आहे. 'थर' धुळीचा, रंगाचा, सायीचा. जे एकमेकांना चिकटून बसतं त्याला थर म्हणतात. 'पदर' हा अर्थाने खरं तर नेमका शब्द आहे, 'दुपदरी', 'चौपदरी' यांत तो त्याच अर्थाने येतो. पण कपड्यांच्या लेखात पदर म्हटलं की साडीच डोळ्यांसमोर येणार.

माझं म्हणणं असं की इथे नाम शोधूच नये. मराठीत हे काम क्रियापद आणि दोन छोटे शब्द करतात: 'आतून' आणि 'वरून'. "वरून स्वेटर चढव." "आतून काहीतरी घाल." कोट आपण अंगावर चढवतो, उकडलं की उतरवतो. लेअरिंगचं सगळं मर्म या चढवण्या-उतरवण्यात आहे. सकाळी गारवा, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा गारवा, अशा दिवसांत एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. मधे अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि वरचा कपडा केव्हाही उतरवता येतो. उन्हाळ्यातला बिनबाह्यांचा झगा घ्या. आतून पूर्ण बाह्यांचा, अंगालगत बसणारा विणीचा टीशर्ट घातला, वरून पुढून उघडं जाकीट चढवलं, की तोच झगा गार दिवसांत चालतो. हे सांगायला 'थर' एकदाही लागला नाही. शीर्षकात नाम हवंच असेल तर 'एकावर एक' लिहा. तो शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

•

'वॉर्डरोब'चा घोळ असा की तो लाकडी वस्तूलाही म्हणतात आणि आतल्या कपड्यांनाही. आपलं 'कपाट' तसं नाही. संस्कृतात तर कपाट म्हणजे दाराची फळी. पण आपण 'कपाट लावणं' म्हणतो तेव्हा कपडेच लावत असतो! 'शरदासाठी कपाट लावताना' हे शीर्षक मला तरी आवडेल.

•

'संक्रमण' आणि 'स्थित्यंतर' हे शब्द सदऱ्या-झग्यांना फार जड होतात. नेमका शब्द आपल्याकडे आहे: ऋतुसंधी. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याची व्याख्याच दिली आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात, असे चौदा दिवस म्हणजे ऋतुसंधी. या काळात आधीची वागणूक हळूहळू सोडायची आणि पुढची हळूहळू धरायची. तिथे हे आहारविहाराबद्दल आहे, पण तुमच्या लेखाचं म्हणणं यापेक्षा वेगळं आहे का? एका दिवसात सगळं बदलू नका, क्रमाने बदला. मला हा शब्द कपड्यांसाठी वापरलेला वाचायला फार आवडेल.

•

दोन शब्द जपून वापरा. बाजूला ठेवलेल्या उन्हाळी कपड्यांना 'ठेवणीतले' म्हणू नका. ठेवणीतला कपडा म्हणजे खास प्रसंगासाठी राखलेला, त्यात मान आहे. बिनमोसमी कपड्याला तो मिळत नाही. दुसरा शब्द 'कसर'. 'कसर राहिली' मधली कसर म्हणजे उणीव, आणि लोकरीला लागते ती कसर म्हणजे कीड. वाक्यात 'लागली' आलं की घोळ राहत नाही. मूळ लेखात कपडे धुऊनच ठेवा असं असेल तर ते वाक्य अजिबात गाळू नका. लोकर कुरतडते ती पतंगाची अळी, आणि घामाचे, खाण्याचे डाग राहिलेल्या लोकरीवर ती आधी पडते.

रंगांबद्दल थोडंसं: 'मळखाऊ' हा सुंदर शब्द आहे, पण तो रंगाचा उपयोग सांगतो, ऋतू सांगत नाही. विटकरी, तपकिरी, शेवाळी, हळदी अशी नावंच द्या.

•

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवात अशी केली आहे:

"ऋतुसंधीचे दिवस आले, की कपाट लावायला घ्यावं. तलम सुती कपडे लगेच दूर करू नका. त्यांच्यावरून एखादं विणीचं जाकीट चढवलं, की पानगळीच्या शरदातही ते अंगावर शोभतात. जे अगदीच झिरझिरीत आहेत, तेवढे धुऊन, वाळवून काढून ठेवा."

•

छान उतरलंय. फक्त शेवटचं 'काढून ठेवा' बदला. "उद्यासाठी कपडे काढून ठेवले" म्हणजे घालण्यासाठी बाहेर काढले, तुम्हाला नेमकं उलटं सांगायचं आहे. 'बांधून ठेवा' लिहा.