ॲलेक्स रायडर चालेल, चेरब नको – बारा वर्षांच्या मुलाला कुठली गुप्तहेरकथा द्यायची?

थेम्सकाठची:
माझा मुलगा बारा वर्षांचा, आम्ही इंग्लंडात राहतो आणि तो जे वाचतो ते मीपण वाचते, ही आमच्या घरातली जुनी सवय. गेल्या सुट्टीत त्याने अँथनी होरोविट्झची ॲलेक्स रायडर मालिका अक्षरशः झपाटल्यासारखी संपवली आणि आता रॉबर्ट मुचामोरच्या चेरबवर आलाय. दोन्हींत शाळकरी वयाची मुलं ब्रिटिश सरकारसाठी हेरगिरी करतात. तरी मला पहिली मालिका चालते आणि दुसरी अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

ॲलेक्स चौदा वर्षांचा, लंडनमध्ये चेल्सीत काकाकडे वाढलेला. पहिल्याच पुस्तकात, २००० साली आलेल्या 'स्टॉर्मब्रेकर'मध्ये, काका मारला जातो आणि कळतं की तो गुप्तहेर होता. मग एमआय-सिक्सचा, म्हणजे ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा, ॲलन ब्लंट या पोराला म्हणतो आमचं काम कर. पोरगा नाही म्हणतो. तर ब्लंट सरळ धमकी देतो की तुला सांभाळणाऱ्या जॅकला आम्ही अमेरिकेला परत पाठवू आणि तुला संस्थेत टाकू. बंदूक द्यायची नाही कारण तू लहान, पण मरायला पाठवायला लहान नाही! 'स्कॉर्पिया'च्या शेवटी तर त्याला भर रस्त्यात गोळी लागते आणि पुस्तक तिथेच संपतं, माझा मुलगा त्या रात्री जेवला नाही. म्हणजे मोठी माणसं पोराला वापरून घेतायत हे लेखक लपवत नाही, वाचणाऱ्या मुलाला ब्लंटचा राग येतो आणि तो यायलाच हवा.

चेरबमध्ये (पहिलं पुस्तक २००४) उलट आहे. जेम्सची आई वारते, पोरगा बालगृहात, आणि तिथून चेरब या मुलांच्या गुप्तहेर संस्थेची माणसं त्याला उचलतात. छान कॅम्पस, स्वतःची खोली, दोस्त, आणि वर म्हणायचं की जबरदस्ती नाही हं, कधीही सोडून जा. जाणार कुठे तो? ज्याला घरच नाही त्याच्या 'हो'ला मी होकार मानत नाही. आणि नेमकं हेच माझ्या मुलाला सगळ्यात जास्त आवडलंय, "आई, मी पण गेलो असतो" म्हणाला.

कोथरूडचा_अभ्या:
ताई, पूर्ण असहमत. मी शाळेत असताना पुण्यात ब्रिटिश लायब्ररीतून आणून ही दोन्ही वाचली आहेत आणि माझ्या मते तुम्ही उलटं बघताय. ॲलेक्सला राग येतो खरा, पण पुस्तक त्याला मजाच देतं ना, मुरुमांचं क्रीम लावलं की लोखंड वितळतं, यो-यो, गेमबॉय, स्नोबोर्ड, प्रत्येक वेळी जगाचा नाश करायला निघालेला एक करोडपती आणि त्याला हरवणारा एकटा पोरगा. हे स्वप्न आहे, आणि छान स्वप्न आहे, मला काही तक्रार नाही.

पण चेरबमध्ये गॅजेट नाही, हत्यार नाही. तिथे हत्यार काय आहे माहितीये, मैत्री. मोठ्या माणसाला लहान पोराचा संशय येत नाही म्हणून टार्गेटच्या मुलाशी दोस्ती करायची, त्याच्या घरी जायचं, त्याच्या बापाची माहिती काढायची. 'क्लास ए'मध्ये जेम्स ड्रग्जवाल्या कीथ मूरच्या मुलाशी, ज्युनियरशी, खरीखुरी दोस्ती करतो आणि मग त्याचाच बाप आत जातो. मी तेरा वर्षांचा होतो, पुस्तक मिटवून कितीतरी वेळ नुसता बसलो होतो, कारण ज्युनियरने काहीच केलं नव्हतं. विश्वासघात म्हणजे काय हे मला त्या पुस्तकाने शिकवलं, ॲलेक्सने नाही.

आणि सोडून जायचं म्हणाल तर शंभर दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मुलं खरंच सोडतात, चूक केली की शिक्षा होते, जेम्स शिव्या देतो, मारामाऱ्या करतो, पस्तावतो. माझ्या आख्ख्या वर्गात कधी पुस्तक हातात न धरणारी पोरं हे वाचायला लागली होती.

निशिगंधा_क:
मी संस्थेत राहणाऱ्या मुलांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून राहवत नाही. अभ्या, तू ज्युनियरबद्दल बोलतोयस ते पटलं, पण थेम्सकाठचीचा मुद्दा तू बाजूला टाकलास. संस्थेतलं दहा-अकरा वर्षांचं मूल कशालाही हो म्हणतं रे. कोणी नवीन दप्तर दिलं, नावाने हाक मारली, जेवलास का विचारलं, की ते मूल त्या माणसासाठी वाट्टेल ते करतं. आमच्याकडे एक मुलगा होता, एक बाहेरचा दादा त्याला मोबाईल द्यायचा आणि त्या बदल्यात पाकिटं इकडून तिकडे पोचवायला लावायचा. आम्ही विचारलं का गेलास, तर म्हणाला, त्याने मला निवडलं. 'निवडलं' हा शब्द मी विसरू शकत नाही. चेरबमध्येही निवडलं जाण्याचंच सुख आहे, आणि ते इतकं गोड लिहिलंय की घर असलेल्या पोरालाही आपल्याला घर नसतं तर बरं झालं असतं असं वाटावं.

फुरसुंगी_एक्सप्रेस:
आपला फास्टर फेणे आठवा की राव. भा. रा. भागवतांनी बन्याला कधी कोणाच्या नोकरीला नाही लावला, तो स्वतःच्या कुतूहलाने संकटात उडी घेतो, टॉक करतो आणि परत विद्याभवनात. हेर आणि उचापती पोरगा यात फरक हाच, की हेराला कोणीतरी पाठवलेलं असतं. मला पाठवणाऱ्यांच्या गोष्टी मुलांना द्याव्याशा वाटत नाहीत, ब्लंट असो की चेरब.

कायद्याचं_बोला:
पाठवणाऱ्यांच्या गोष्टी द्यायला हव्यात, कारण पाठवणारे खरे आहेत. मी ब्रिटनमध्ये कायदा शिकले. तिथे पोलीस आणि इतर तपासयंत्रणा अठराच्या आतल्या मुलांना गुप्त खबरी म्हणून वापरू शकतात, कायद्याने. २०१८ मध्ये सरकारने या परवानगीची मुदत एक महिन्यावरून चार महिने केली तेव्हा हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने हरकत घेतली आणि तेव्हा कुठे सामान्य लोकांना हे समजलं. जस्ट फॉर किड्स लॉ ही संस्था कोर्टात गेली, २०१९ मध्ये हरली. त्याच सुमाराला बाहेर आलेला आकडा असा की जानेवारी २०१५ ते डिसेंबर २०१८ या चार वर्षांत अशा १७ परवानग्या दिल्या गेल्या, त्यातलं एक मूल पंधरा वर्षांचं होतं, बाकीची सोळा-सतरा. सोळाच्या आतल्या मुलाला स्वतःच्या आईवडिलांविरुद्ध वापरता येत नाही असा नियम आहे. २०२१ च्या कायद्यात 'अपवादात्मक परिस्थितीतच' अशी अट घातली, पण दार बंद नाही केलं.

ही मुलं कोण असतात? बहुतेक आधीच टोळ्यांमध्ये, ड्रग्जच्या धंद्यात अडकलेली. म्हणजे जिथून त्यांना बाहेर काढायला हवं तिथेच त्यांना राहू द्यायचं, कारण माहिती हवीय. पंधरा वर्षांच्या मुलाची संमती किती खरी, हाच प्रश्न तिथेही आहे आणि थेम्सकाठची यांनी तोच विचारलाय. म्हणून माझं मत, दोन्ही वाचू दे. पण वाचून झाल्यावर हे खरं आहे एवढं त्याला सांगा.

गिरगावची_पोर:
मुलींचं कोणी बोलणारच नाही का? मी ॲली कार्टरच्या गॅलाघर गर्ल्स वाचून मोठी झाले (पहिलं २००६ चं), मुलींची हेरगिरीची शाळा, आई मुख्याध्यापिका, बाबा मोहिमेवर गेलेले ते परत आलेच नाहीत. मला त्यातून हेर नव्हतं व्हायचं, मुलगी चौदा भाषा बोलू शकते आणि तरी बावळटासारखी प्रेमात पडू शकते हे वाचून धीर आला. आणि खऱ्या इतिहासात पहिल्या महायुद्धात एमआय-फाइव्हने निरोप पोचवायला आधी बॉय स्काउट घेतले होते, त्यांच्यापेक्षा गर्ल गाइड्स जास्त भरवशाच्या निघाल्या! मुलांना गोष्ट आणि खरं यातला फरक कळतो हो, जरा विश्वास ठेवा.

कोथरूडचा_अभ्या:
कायद्याचं_बोला, हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. पण एक सांगतो, चेरबची कल्पना मुचामोरने हवेतून नाही आणली, पुस्तकात तिची मुळं दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच प्रतिकारातल्या निरोप्या मुलांमध्ये आहेत. आणि तशी मुलं खरी होती. मार्सेल पँत सहा वर्षांचा, शर्टाखाली चिठ्ठ्या लपवून न्यायचा. त्याचं नाव २०२० मध्ये स्मारकावर कोरलं. काही वेळा लढाई मुलांपर्यंत येतेच.

निशिगंधा_क:
आणि तो मेला कसा तेही सांग ना. ऑगस्ट १९४४ मध्ये, स्वतःच्याच लोकांच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या गोळीने. सहा वर्षांच्या पोराने लढाई निवडली असं मी कधीच म्हणणार नाही, त्याला प्रेमाने वाढवणाऱ्यांनीच त्याच्या शर्टाखाली चिठ्ठी ठेवली होती. शूर होता तो. पण शूर होता म्हणून त्यांचं बरोबर होत नाही.

थेम्सकाठची:
हे सगळं काल रात्री मुलाला मराठीत वाचून दाखवलं, १७ परवानग्यांचं पण सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ॲलेक्सला नको असतं तरी शेवटी तो जिंकतो. जेम्स जिंकला की त्याचा मित्र हरतो." म्हणजे अभ्याने तेराव्या वर्षी पाहिलं ते यानेही पाहिलं होतं, मलाच नव्हतं दिसलं. तरी "मी पण गेलो असतो" हे त्याने मागे घेतलेलं नाही, आणि निशिगंधाचा तो 'निवडलं' शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीये. मालिका मी थांबवणार नाही. मात्र जेम्स बालगृहातून हो म्हणतो ते प्रकरण आज आम्ही दोघं मिळून परत वाचतोय, आणि जेम्सला आणखी कोणी ठेवून घ्यायला तयार असतं तर तो काय म्हणाला असता, हे मी त्याला विचारणार आहे.

कोथरूडचा_अभ्या:
विचारा ताई. आणि ज्युनियरच्या जागी तो असता तर, हेही विचारा. काय म्हणाला ते इथे लिहा.